कोण होईल लक्षाधीश?

आता लावा पैज. शेवटच्या ओळीला पोचायच्या आत तुमचं मन गॅसवरच्या दुधाकडे, गाडीच्या ईएमआयकडे, नाहीतर थेट कळंगुटच्या बीचवर एक चक्कर मारून येणार. येऊ दे! लेखक रागावणार नाही. अख्ख्या जगाची हीच कथा आहे, आणि आपल्याकडे आकडे आहेत.

माहीत आहे का? जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ आपलं मन ड्युटीवर नसतंच. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी आयफोनवरच्या ॲपमधून २,२५० जणांना दिवसभरात मध्येच गाठून विचारलं, काय करताय? आणि डोक्यात तेच चाललंय का? २०१० साली निकाल छापून आला. ४६.९ टक्के वेळा मन भलतीकडेच. सेकंड क्लासमध्ये पास!

जेवण असो, ऑफिस असो, टीव्ही असो, कुठल्याही कामात किमान ३० टक्के वेळा स्वारी बाहेरगावी. अपवाद फक्त एक. कोणता? बेडरूमचा दिवा मालवल्यानंतरचा. चला, पुढे!

हा चिमटा जरा जोरात बसेल. मनातल्या मनात बीचवर पोचलेली माणसं हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा तसूभरही जास्त खूश नव्हती. आणि ज्यांचं मन कटकटींकडे वळलं होतं, ती तर चांगलीच खट्टू. फुकटची सहल, पण परतताना हात रिकामे.

मग मेंदू हा उद्योग करतोच कशाला? कारण त्याला सुट्टी हा प्रकारच ठाऊक नाही. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. तुम्ही गणित सोडवा की खिडकीबाहेर बघत बसा, हे बिल फारसं हलत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या मार्कस रेकल यांनी दाखवून दिलं, की आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त जोमाने कामाला लागतात. या टोळीचं नाव डिफॉल्ट मोड नेटवर्क. जुन्या आठवणी उकरणं, उद्याचे बेत आखणं, 'तेव्हा मी तिला असं उत्तर द्यायला हवं होतं' छापाचे डायलॉग लिहिणं, ही सगळी खाती यांच्याकडे.

आता शॉक घ्या. अक्षरशः! व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमोथी विल्सन यांनी लोकांना एका खोलीत १५ मिनिटं नुसतं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, सोबतीला फक्त आपले विचार. आणि हो, विजेचा झटका देणारं एक बटण. 'हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू' असं आधी याच लोकांनी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलंच. एका पठ्ठ्याने तर १९० वेळा! त्याला हिशेबातून वगळावं लागलं. (प्रयोग २०१४ चा आहे. त्या खोलीत रील्स असत्या तर विजेचा खर्च वाचला असता.)

एक लाथ आणि जगाची सफर

जगातला सर्वांत व्हायरल डेड्रीमर कोण, माहीत आहे का? आपला पंचतंत्रातला बामण! नाव स्वभावकृपण. खाटेवर पडल्या पडल्या खुंटीवरच्या सातूच्या पिठाच्या मडक्याकडे बघत त्याचं गणित सुरू झालं. दुष्काळ पडेल, पीठ शंभराला जाईल, दोन शेळ्या घेऊ, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, मग सोनं, वाडा, बायको, सोमशर्मा नावाचा मुलगा. मुलगा रांगत घोड्यांजवळ जाईल, बायकोचं लक्ष नसेल, मग मी तिला अशी लाथ मारीन... फाडकन मडकं फुटलं आणि बामण पांढराशुभ्र.

ही गोष्ट पासपोर्टशिवाय फिरली. अरबी सुरस कथांत मडक्याच्या जागी काचसामान आलं. फ्रान्समध्ये १६७८ साली ला फोंतेनने तिथे दुधाची चरवी डोक्यावर घेतलेली पेरेत नावाची गवळण उभी केली. हा सगळा प्रवास मॅक्स म्युलरने १८७० साली एका व्याख्यानात टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवला. कंटेंट तोच, भांडं तेवढं बदललं! आपल्या भट-भटणीच्या बाजारातल्या तुरी तर अजून विकायच्याच आहेत.

विसाव्या शतकाचे प्रतिनिधी दोन. अमेरिकेत जेम्स थर्बरचा वॉल्टर मिटी, जन्म १९३९, द न्यूयॉर्कर मासिकात. भारतात मुंगेरीलाल, जन्म १९८९, दूरदर्शनवर, रघुवीर यादवांच्या अंगात. दोघेही घरी-दारी बोलणी खाणारे आणि मनात हिरो. तुमच्या ऑफिसातला तिसरा कोण, ते तुम्हीच ठरवा.

पण जास्त म्हणजे किती?

इथे जरा ब्रेक. मनाचे मांडे सगळेच खातात, पण काहींचं पोट त्यावरच भरायला लागतं. २००२ मध्ये इस्रायलच्या हायफा विद्यापीठातले एली सोमर यांनी आपल्या सहा रुग्णांवरून एक नवं नाव दिलं, मॅलअडॅप्टिव्ह डेड्रीमिंग. ही माणसं तासन् तास मनातल्या मनात सिरियल चालवतात. पात्रं ठरलेली, प्लॉट वर्षानुवर्षांचे. पुष्कळांना त्यासाठी हेडफोनमधलं गाणं लागतं, आणि खोलीत येरझाऱ्या. हे सगळं खोटं आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. तरी बटण बंद होत नाही!

ते मोजायला १६ प्रश्नांची पट्टीसुद्धा आहे. मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या अधिकृत यादीत हा आजार अजून दाखल नाही. म्हणून रील बघून स्वतःवर शिक्का मारू नका. अभ्यास, नोकरी, नाती मागे पडायला लागली आणि थांबता येईना, तर सरळ तज्ज्ञांना गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे.

आता स्टार केस! इंग्लंडमधलं हॅवर्थ गाव, जून १८२६. पाद्री ब्राँटेसाहेब लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपाई घेऊन आले. घरात चार पोरं, दहा वर्षांची शार्लट सगळ्यांत मोठी. तिने एक शिपाई उचलला, हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन! भाऊ ब्रॅनवेलने लगेच बोनापार्ट पळवला. त्या खेळातून देश उभे राहिले. शार्लट आणि ब्रॅनवेलचं अँग्रिया, एमिली आणि ॲनचं गोंडल. राजे, लढाया, भानगडी, वर्तमानपत्रं. सगळं काडेपेटीएवढ्या वह्यांमध्ये, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात.

गंमत इथवरच. पुढे शार्लट रो हेड शाळेत मास्तरीण झाली, पण डोक्यातलं अँग्रिया काही सुटेना. वर्गात तंद्री लागायची, सेनापती समोर उभा राहायचा आणि नेमकी एखादी पोरगी धड्यातली शंका घेऊन यायची. तेव्हाच्या तिच्या टिपणांत त्या बिचाऱ्या पोरींवर काढलेला राग अजून वाचायला मिळतो. अखेर तेविशीच्या आसपास तिने अँग्रियाला चक्क निरोप लिहिला. १८४७ मध्ये आली तिची कादंबरी 'जेन एअर'.

आणि एमिली? तिने कसला निरोप-बिरोप घेतला नाही. १८४५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बहिणीबरोबर यॉर्कच्या सहलीला गेली आणि वाटेत दोघी गोंडलच्या राजपुत्र-राजकन्या होऊन खेळत बसल्या. दोनच वर्षांनी हिची 'वदरिंग हाइट्स' बाहेर पडली. म्हणजे काय, निरोप घेणारीही पास आणि न घेणारीही! तुमच्या पोराने वहीच्या मागे नकाशे काढले तर वही फाडू नका, एवढंच.

हे करून बघू नका

माहीत आहे का, मनाला 'नाही' म्हटलं की ते काय करतं? १९८७ मध्ये डॅनियल वेगनर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंटा थांबेनात! वर बंदी उठल्यावर अस्वल आधीपेक्षा जास्त वेळा हजर. 'आता अजिबात स्वप्न बघायचं नाही' ही शपथ का टिकत नाही, त्याचं उत्तर या अस्वलाकडे आहे. समर्थांनासुद्धा मनाला समजवायला २०५ श्लोक लागले. तुम्ही एका दमात उरकू बघताय!

ह्यूगो गर्न्सबॅक ऐकलाय का? सायन्स फिक्शनच्या ह्यूगो पुरस्काराला ज्याचं नाव आहे तो. १९२५ मध्ये या गृहस्थांनी 'आयसोलेटर' नावाचं हेल्मेट काढलं. लाकूड, बूच आणि नमद्याचं अवजड टोपडं. कान बंद, डोळ्यांसमोर बारीकशी फट, म्हणजे एका वेळी कागदावरची एकच ओळ दिसणार. आत बसलेल्याला झोप यायला लागली म्हणून शेवटी ऑक्सिजनची नळी जोडली. फोटो शोधून बघाच. ध्यानासाठी काय ते ध्यान!

प्लुटार्क सांगतो, की ग्रीक वक्ता डिमॉस्थेनिस भाषणाच्या सरावासाठी तळघरात बसायचा आणि बाहेर पडायचा मोह होऊ नये म्हणून अर्धं डोकं भादरून घ्यायचा. दोन-तीन महिन्यांची निश्चिंती! आजच्या काळात ही आयडिया चालणार नाही. पुणेकर ती हेअरस्टाइल समजून कुठे केली म्हणून विचारतील.

आणि ते गोल्डफिशचं? 'माणसाचं अवधान आठ सेकंदांवर आलंय, गोल्डफिशपेक्षाही कमी' हे वाक्य २०१५ मधल्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या अहवालातून जगभर पसरलं. त्यामागे धड पुरावा कुणालाच सापडला नाही. माशाची तर फुकट बदनामी, कारण गोल्डफिश शिकवलेली गोष्ट कित्येक महिने लक्षात ठेवतो. खरी मोजणी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांची. स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर माणूस २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. आठपेक्षा बरं, पण पेढे वाटण्यासारखं नाही.

हां, एक सोपा प्रयोग मात्र टाळा. अमेरिकेत काही जणांना दारू पाजून टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' वाचायला बसवलं. मन भटकण्याचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलं, आणि आपण भटकलोय हे लक्षात येणं मात्र कमी झालं. पार्टीत कविता ऐकवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हे मात्र चालतं, बॉस!

आता माझी सगळ्यांत लाडकी ट्रिक. जपानी रेल्वेचा ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा असला तरी बोलत असतो. सिग्नल दिसला की पांढऱ्या हातमोज्यातलं बोट थेट त्याच्याकडे रोखायचं आणि खणखणीत आवाजात रंग सांगायचा. वेगाच्या काट्याकडे बोट, आकडा मोठ्याने. वेळापत्रकाकडे बोट, स्टेशनचं नाव मोठ्याने. परक्याला वाटेल, याला काय झालंय! पण १९९४ मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने मोजलं. काहीच न करता दर १०० कृतींमागे २.३८ चुका, बोट आणि आवाज दोन्ही वापरले तर फक्त ०.३८. कारण उघड आहे. डोळा, हात, तोंड आणि कान एकदम कामाला लावले, की बीचवर जायला शिल्लक राहतंच कोण?

आपल्याकडेही हे आहे, माहीत आहे का? भारतीय रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट येणाऱ्या प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. शिवाय पायलटवर पहारा ठेवायला व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असतं. साधारण मिनिटभर पायलटने कुठलीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग बझर, आणि तरीही दाद नाही दिली तर गाडीला ब्रेक. लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली तर डेड मॅन्स हँडल! हात सुटला की गाडी थांबली. लाखोंचा जीव 'लक्ष असेलच' या भरवशावर टांगून ठेवत नाहीत, ही केवढी शहाणपणाची गोष्ट आहे.

घरी ट्राय करा. निघताना कुलपाकडे बोट दाखवा आणि मोठ्याने म्हणा, 'कुलूप लावलं.' गॅसच्या नॉबकडे बोट, 'गॅस बंद.' शेजारच्या काकू बघतील. बघू दे. जिना उतरल्यावर 'अगंबाई, गॅस!' करत परत वर पळणं वाचेल.

मीटिंगमध्ये वहीवर गिरगटता? अभिनंदन! इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना मुद्दाम रटाळ फोन-मेसेज ऐकवला. निम्म्यांना त्याच वेळी कागदावरचे चौकोन-गोल रंगवायला दिले. नंतर विचारलं तेव्हा रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हाताला बारीकसं काम मिळालं की मन फार लांब जात नाही. बॉसने विचारलंच तर हा परिच्छेद पुढे करा.

लक्ष किती वेळ टिकतं? दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्यांना पाणबुड्या दिसायच्या राहू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं. काटा टिक-टिक पुढे सरकायचा आणि क्वचित कधी दुप्पट उडी मारायचा. ती उडी पकडायची, बस्स! अर्धा तास झाला की माणसं उड्या सोडायला लागायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोममधला विद्यार्थी फ्रान्चेस्को चिरिल्लो स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेऊन अभ्यासाला बसला. त्याचा हिशेब २५ मिनिटं काम आणि मग छोटी सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोदोरो. बाकी तुम्हाला ॲप स्टोअर सांगेल.

फोनचं काय करायचं? सायलेंट, पालथा, सगळं करून झालं? २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जवळजवळ ८०० जणांवर प्रयोग झाला. फोन टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी चाचण्या चांगल्या दिल्या, फोन गप्प असूनही. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसला नाही हे खरं. पण दुसरी खोली फुकट आहे, वापरायला काय जातंय?

आता स्वप्नाळू मंडळींसाठी खास. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले एटिंगन यांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. 'मस्त केबिन, मस्त पगार' अशा गोड चित्रात जास्त रमलेल्यांनी अर्ज कमी केले, त्यांना बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला! दुसऱ्या एका प्रयोगात तर अशी स्वप्नं रंगवताना लोकांचा रक्तदाब खाली आलेला दिसला. मेंदूला वाटतं, पोचलो, आता टेकू या. उपाय? स्वप्न बघा, पण लगेच त्याच्या समोर आडवी येणारी गोष्ट उभी करा. 'एमपीएससी पास, लाल दिवा', ठीक. पुढची ओळ, 'रात्री साडेनऊला मित्राचा फोन येतो आणि अकरा वाजतात.' मग तिसरी ओळ, 'साडेनऊला फोन आला तर मी म्हणणार, उद्या दुपारी बोलू.' ही 'असं झालं तर तसं करीन' वाली ओळ शोधली पीटर गोल्विट्झर यांनी. ते कोण? एटिंगनबाईंचे यजमान! फॉर्म्युल्याचा उरलेला भाग घरातच सापडला.

आणि ज्यांची सिरियल तासन् तास चालते, त्यांचं? सोमर यांच्याच गटाने २०२३ मध्ये एक ऑनलाइन कार्यक्रम तपासून बघितला. त्यात होती दोन हत्यारं. मन कुठे गेलं ते बघत राहायचं आणि त्याची नोंद ठेवायची. एवढ्यावर लोकांचा त्रास कमी झाला. करायला वहीचा कोपरा पुरे. मन पळालं की एक काडी, पाच झाल्या की जुडी. पहिल्या दिवशी जुड्या मोजून घाबरू नका, मोजता येतायत म्हणजे तुम्हाला पळणं दिसायला लागलंय.

हेच काम घाऊक प्रमाणात करायचंय? आपलं इगतपुरी आहे ना! १९७६ पासून धम्मगिरीत विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, फोन जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस काम एकच, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. इतकी रजा नाही? अमेरिकेत ४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात दोन आठवड्यांच्या माइंडफुलनेस क्लासनेही मन भटकणं कमी झालं आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांचे मार्क वाढले.

यातलं काहीच जमलं नाही तर सोलची फ्लाइट पकडा! तिथे २०१४ पासून चक्क शून्यात बघत बसायची स्पर्धा भरते. वूप्सयांग नावाच्या कलाकाराची ही कल्पना. ९० मिनिटं काहीही करायचं नाही. बोलायचं नाही, फोन नाही, घड्याळ बघायचं नाही. पाणी हवं, वारा हवा, मसाज हवा, तर नुसतं रंगीत कार्ड वर करायचं. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजतात. ठोके ज्याचे शांत आणि ज्याला बघ्यांची मतं जास्त, तो विजेता. पहिल्याच वर्षी ट्रॉफी नेली नऊ वर्षांच्या एका मुलीने. २०१६ मध्ये क्रश नावाच्या पॉप गायकाने मोठमोठ्या निवांत मंडळींना मागे टाकलं. स्पर्धा पुढे हाँगकाँग आणि रॉटरडॅमलाही पोचली. नियम कडक आहेत हं. हसलात की बाद, आणि डुलकी लागली तर बघायलाच नको!